होडी आधी सुकवा

(आकाशवाणीवर प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

काही दिवसांपूर्वी एका तरुण मित्राचा फोन आला. त्यानं शिडाची एक जुनी कॅटमरान विकत घेतली होती. दोन अरुंद, लांब होड्या शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि आडव्या दांड्यांनी जोडाव्यात, तशी ही होडी असते. मधल्या जागेत जाड कापड ताणून बसवलेलं असतं. त्यावर बसायचं आणि शीड सांभाळायचं. त्याच्या होडीच्या डाव्या अंगाला तळाशी तळहाताएवढं भोक पडलं होतं.

‘‘काका, काचेचे किती थर लावू?’’ त्यानं विचारलं.

मी विचारलं, ‘‘होडी ठेवलीयस कुठे?’’

‘‘अंगणात. वर ताडपत्री टाकलीय.’’

‘‘मग थरांचा हिशेब नंतर. आधी ताडपत्री काढ, होडी सावलीत आण, आणि सुकू दे.’’

पलीकडे जरा निराशा झाल्याचं जाणवलं. त्याला दोन दिवसांत होडी पाण्यात घालायची होती. त्याच्या वयाचा असताना मलाही अशीच घाई होती आणि ती मला महाग पडली. ती हकीकत मी पुढे सांगणार आहे. पण होडी सुकवायची का, हे नीट कळायला थोडं मागं जावं लागतं. कॅटमरान आणि फायबरग्लास या दोन गोष्टी कुठून आल्या आणि एकमेकींना कशा भेटल्या, ते आधी पाहू.

कॅटमरान हा शब्द कानाला इंग्रजी वाटतो, पण तो मूळचा तमिळ आहे. ‘कट्टु’ म्हणजे बांधणं आणि ‘मरम’ म्हणजे झाड किंवा लाकूड. कोरोमंडलच्या किनाऱ्यावरचे कोळी हलक्या लाकडाचे ओंडके काथ्याच्या दोरीनं बांधून समुद्रात जात. विल्यम डँपियर या इंग्रज दर्यावर्दीनं १६९७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात या तराफ्यांचं वर्णन केलं आहे. हा तराफा पोकळ नव्हता, त्यामुळे त्यात पाणी शिरून तो बुडण्याचा प्रश्नच नव्हता. पण लाकूड पाणी पितं आणि जड होतं. म्हणून मासेमारी करून परतल्यावर कोळी दोर सोडत, ओंडके सुटे करत आणि वाळूवर उन्हात पसरून ठेवत. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधायचे. सुकवणं हा त्यांच्या रोजच्या कामाचाच भाग होता.

दोन अंगांची होडी मात्र प्रशांत महासागरातली. पॉलिनेशियाच्या लोकांनी अशा जोडहोड्यांतून हजारो मैलांचे प्रवास केले. युरोपीय लोकांनी पुढे तमिळ तराफ्याचं नाव या जोडहोडीला चिकटवलं आणि ते कायम झालं. नाव एका समुद्रातलं आणि रूप दुसऱ्या समुद्रातलं, अशी ही गंमत आहे.

पाश्चात्त्य नौकानयनात ही होडी सहजासहजी शिरली नाही. १८७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली, त्या निमित्तानं न्यूयॉर्कला शर्यती झाल्या. नॅथनेल हेरेशॉफ या तरुण रचनाकारानं तिथं ‘अ‍ॅमरिलिस’ नावाची जोडहोडी आणली आणि भल्या भल्या होड्यांना मागे टाकलं. हरलेल्यांनी तक्रार केली. ही होडी नेहमीच्या जातीची नाही, असं म्हणून तिचा विजय नाकारण्यात आला आणि पुढे अशा होड्यांना शर्यतींचे दरवाजे बंद झाले. त्यानंतर बराच काळ जोडहोडी हौशी लोकांचं वेड म्हणूनच राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ साली हवाई बेटांवर वुडी ब्राऊन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘मनू काई’ नावाची वेगवान कॅटमरान बांधली. इंग्लंडमध्ये कॅन्व्ही बेटावरच्या प्राउट बंधूंनी १९५० च्या दशकात ‘शिअरवॉटर’ बनवली. या होड्या प्लायवूडच्या किंवा पातळ लाकडी पट्ट्यांच्या होत्या. वेग होता, पण लाकडाचं जुनं दुखणं कायम होतं. पाणी आत जायचं आणि कुजणं सुरू व्हायचं.

आता दुसरा धागा, काचेचा. १९३२ साली अमेरिकेत ओवेन्स-इलिनॉय या काचेच्या कंपनीत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण काचेचे ठोकळे एकमेकांना जोडण्याचा प्रयोग करत होता. दाबाच्या हवेचा झोत चुकून वितळलेल्या काचेवर पडला आणि काचेचे केसासारखे बारीक धागे उडाले. त्याचा वरिष्ठ गेम्स स्लेटर यानं त्यातली शक्यता ओळखली. १९३८ साली ओवेन्स-कॉर्निंग ही स्वतंत्र कंपनी निघाली. त्याच दशकात कार्लटन एलिस या रसायनतज्ज्ञानं पॉलिएस्टर रेझिनची पेटंटं घेतली. मधासारखा घट्ट द्रव, त्यात थोडंसं दुसरं रसायन घातलं की तो दगडासारखा कडक होतो.

नुसतं रेझिन ठिसूळ असतं. नुसते काचेचे धागे कापडासारखे लवतात. पण दोन्ही एकत्र आले की ताण काच घेते आणि आकार रेझिन धरून ठेवतं. आपल्याकडे मातीच्या भिंतीत भुसा किंवा काथ्या मिसळत, त्यातलीच ही युक्ती. १९४२ च्या सुमारास रे ग्रीन यानं ओहायो राज्यात अशी होडी बनवून पाहिली. युद्धात विमानांच्या रडारवरची झाकणं या पदार्थाची झाली. युद्ध संपल्यावर रेझिन आणि काच बाजारात मुबलक आली आणि होड्या बांधणारे तिकडे वळले.

लाकडी होडी फळी फळीनं उभी राहते. फायबरची होडी साच्यात ओतल्यासारखी निघते. साच्याला मेण लावायचं, वर रंगीत जेलकोटचा पातळ थर द्यायचा आणि मग रेझिनमध्ये भिजवलेली काचेची मॅट थरावर थर बसवायची. एका साच्यातून शेकडो होड्या निघतात. कॅलिफोर्नियातला होबी ऑल्टर हा मूळचा लाटांवर घसरण्याच्या फळ्या, म्हणजे सर्फबोर्ड, बनवणारा. फोमच्या गाभ्यावर काचेचं कातडं चढवायचं तंत्र त्याच्या हातात होतं. तेच त्यानं होडीला लावलं. १९६८ साली ‘होबी १४’ आली आणि पाठोपाठ १९७० च्या सुमारास ‘होबी १६’. लांबी साधारण पाच मीटर आणि वजन दीडशे किलोच्या आतबाहेर. पाण्याखाली उतरणारी फळीच नाही, त्यामुळे ही होडी लाटेबरोबर थेट पुळणीवर चढवता येते. जगभरात अशा लाखाहून जास्त होड्या झाल्या. ज्या जातीला १८७६ साली शर्यतीतून हाकललं होतं, ती आता सामान्य माणसाच्या हाती आली.

याच काळात एक समजूत पसरली की फायबर कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही, तेव्हा देखभालही नको. यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा खोटा आहे आणि तो खोटा ठरायला वीस-पंचवीस वर्षं लागली.

साठ-सत्तरच्या दशकांतल्या होड्या जुन्या झाल्या, तसे त्यांच्या तळाला फोड येऊ लागले. फोड फोडला की आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारा द्रव बाहेर यायचा. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड विद्यापीठात थॉमस रॉकेट आणि व्हिन्सेंट रोझ यांनी तिथल्या तटरक्षक दलासाठी याचा अभ्यास केला. त्यांचा अहवाल १९८७ चा आहे. कडक झालेल्या रेझिनमधूनही पाण्याचे रेणू अगदी हळूहळू आत झिरपतात. आत कुठे विरघळणारा पदार्थ शिल्लक असला, की पाणी त्यात मिसळतं आणि आणखी पाणी ओढून घेतं. मनुका पाण्यात टाकल्यावर फुगतात, तसाच हा प्रकार. दाब वाढतो आणि थर सुटतात. म्हणजे काचेची होडीसुद्धा पाणी पिते. लाकडापेक्षा फार कमी आणि फार सावकाश, पण पिते. फरक इतकाच की कट्टुमरमचा दोर सोडता येतो, हिचा सोडता येत नाही.

जिथं हलक्या गाभ्यावर दोन्ही बाजूंनी पातळ कातडं असतं, तिथं आणखी एक दुखणं उद्भवतं. वर्षानुवर्षं त्याच जागी पाय पडला की कातडं गाभ्यापासून सुटतं. वरून काही दिसत नाही. नाण्यानं टकटक करत जा. निरोगी जागी आवाज खणखणीत येतो आणि सुटलेल्या जागी बद्द. मडकं घेताना आपण बोटानं वाजवून पाहतो, तीच ही परीक्षा आहे.

आता माझी हकीकत. १९९६ चा मे महिना होता. मुंबईच्या बंदरात मुलांना शीड शिकवण्याचं काम मी हौसेनं करत असे. आमच्याकडे एक जुनी कॅटमरान होती. वाळूवर ओढून ओढून तिचा तळ झिजला होता आणि एका दगडावर आदळून तडा गेला होता. मी तडा घासला, वर मॅटचे तीन थर चढवले आणि जेलकोट मारला. काम सुबक दिसत होतं. लोकांनी कौतुकही केलं. मी दोन चुका केल्या होत्या. आदल्याच दिवशी ती होडी पाण्यात होती आणि तिच्या अंगात ओल होती. शिवाय मी फक्त तड्यापुरतीच जागा घासली होती.

तिसऱ्या दिवशी दोन मुलं ती होडी घेऊन गेली. वारा वाढला, लाटा उठल्या आणि माझं ठिगळ एखाद्या खपलीसारखं निघून गेलं. हलमध्ये, म्हणजे होडीच्या पोकळ अंगात, पाणी भरलं. आत फोमचे ठोकळे होते म्हणून ती तळाला गेली नाही, पण एका अंगावर कलली आणि उलटली. एक मुलगा बाजूला फेकला गेला. दुसरा ताणलेल्या कापडाखाली अडकला. किती वेळ? त्याच्या मते अर्धा मिनिट. मी किनाऱ्यावरून दुर्बिणीतून पाहत होतो आणि मला त्या वेळेचा हिशेब आजही लागत नाही. तो बाहेर आला. जवळून जाणाऱ्या एका मच्छीमार बोटीनं दोघांना उचललं. दोघंही सुखरूप होते. संध्याकाळी त्यातल्या एकाची आई मला म्हणाली, ‘‘होडी जुनी होती, त्याला तुम्ही काय करणार?’’ तिनं मला माफ केलं होतं. पण होडी जुनी होती म्हणून ते घडलं नव्हतं. माझं काम कच्चं होतं, म्हणून घडलं.

ते ठिगळ का निघालं, हे मी नंतर शिकलो. साच्यात होडी बनते तेव्हा थर ओले असतानाच एकावर एक बसतात आणि रसायनानं एकजीव होतात. एकदा रेझिन पुरतं कडक झालं की ते दार बंद होतं. नंतर लावलेला थर जुन्याशी एकजीव होत नाही, तो फक्त पकडून राहतो. पकड हवी तर पृष्ठभाग खरखरीत, कोरडा, मेणरहित हवा आणि सांध्याची जागा ऐसपैस हवी. म्हणून अनुभवी कारागीर बारास एक हे प्रमाण सांगतात. हलची जाडी तीन मिलिमीटर असेल, तर भोकाच्या कडेपासून चहूबाजूंनी छत्तीस मिलिमीटरपर्यंत उतार घासायचा. आधीच एवढुसं भोक, ते आपल्या हातानं बशीएवढं करायला जीव धजत नाही. पण ताण लांब उतारावर वाटला गेला, तरच सांधा टिकतो. जखमेपेक्षा सांधा मोठाच असावा लागतो.

दुसरा धडा गोंदाचा. इपॉक्सीचा शोध स्वित्झर्लंडचे पिएर कास्टां आणि अमेरिकेचे सिल्व्हन ग्रीनली यांनी स्वतंत्रपणे लावला. आपल्या घरोघरी कपाटात असलेलं अ‍ॅराल्डाइट हे त्याच कुळातलं. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या बे सिटी गावी गूजन बंधूंनी १९७० साली ‘अडाजियो’ नावाची तीन अंगांची होडी इपॉक्सीनं जोडून बांधली आणि या रेझिनला होडीच्या कामात प्रतिष्ठा मिळवून दिली. जुन्या फायबरवर इपॉक्सी पॉलिएस्टरपेक्षा घट्ट धरतं आणि पाणीही कमी झिरपू देतं. मात्र त्याचं मोजमाप काटेकोर असतं. पॉलिएस्टरमध्ये कॅटॅलिस्ट एक-दोन टक्के, थोडं कमीजास्त झालं तर फार तर कडक व्हायला लागणारा वेळ बदलतो. इपॉक्सीत रेझिन आणि हार्डनर यांचं ठरलेलं प्रमाण चुकलं, की सांधा कायमचा मऊ राहतो. इथं अंदाजपंचे चालत नाही.

या कामाची एक बाजू रविवारच्या हौशी माणसाला दिसत नाही, पण रोज करणाऱ्याच्या अंगावर उमटते. घासताना उडणारी काचेची धूळ कातडीत रुतते आणि फुप्फुसात जाते. पॉलिएस्टरच्या उग्र वासामागे स्टायरिन असतं. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१८ साली, ते कर्करोगकारक असण्याची दाट शक्यता आहे, असं ठरवलं. कॅटॅलिस्टचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. कॅटॅलिस्ट आणि कोबाल्टचं अ‍ॅक्सिलरेटर रेझिनशिवाय थेट एकमेकांत मिसळलं तर स्फोट होतो. म्हणून दोन्ही डबे वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवायचे असतात. नाकाला नुसता रुमाल बांधून काम करणारी मुलं मी अनेक शेडमध्ये पाहिली आहेत. होडीला जपणाऱ्यानं आधी त्यांच्या मास्कची, चष्म्याची आणि हातमोज्यांची सोय करावी.

ही विद्या आपल्याकडे नाही असं कुणी समजू नये. गोव्यात दिवार बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात सिडार लाकडाच्या पट्ट्या, इपॉक्सी आणि काच यांतून ‘म्हादेई’ तयार झाली. ती एका अंगाची होडी, कॅटमरान नव्हे. पण त्याच पदार्थांच्या भरवशावर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. सांधा नीट केला, तर तो दक्षिण महासागरातही टिकतो, याचा हा आपल्या घरचा दाखला आहे.

आणि जिथून कॅटमरान हा शब्द निघाला, त्या किनाऱ्यावर काय झालं? तिथंही फायबरच्या होड्या आल्या. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर मदत म्हणून त्या फार मोठ्या संख्येनं वाटल्या गेल्या. ओंडक्यांचे तराफे मागे पडले. इंजिन आलं, पल्ला वाढला आणि मेहनत कमी झाली. हे चांगलंच झालं. पण दोर सोडून ओंडके उन्हात टाकणाऱ्याला आपली होडी दुरुस्त करायला कुणाची गरज नव्हती. फायबरची होडी आली, तसं बारास एक, कोरडं अंग, रेझिनचं मोजमाप हेही किनाऱ्यावर पोहोचायला हवं. होडी देणं सोपं असतं. तिची दुरुस्ती शिकवायला जास्त दिवस लागतात.

नाहीतर काय होतं, ते कुठल्याही खाडीच्या काठी पाहा. टाकून दिलेले फायबरचे हल चिखलात वर्षानुवर्षं पडून असतात. लाकडी होडी कुजून मातीत जाते किंवा चुलीत जाते. फायबर वितळवून पुन्हा साच्यात घालता येत नाही आणि जाळलं तर विषारी धूर होतो. जुन्या होड्या मोडून त्यांची विल्हेवाट लावण्यासाठी फ्रान्सनं २०१९ पासून खास व्यवस्था सुरू केली, इतका हा प्रश्न मोठा झाला आहे. जो पदार्थ मरत नाही, तो दुरुस्त करून वापरत राहणं, हाच त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

माझ्या तरुण मित्रानं नंतर पुन्हा फोन केला. होडी आडोशाला होती, हलची झाकणं उघडी होती आणि तो रोज आतून पंखा लावत होता. भोकाभोवती नाण्यानं वाजवत गेल्यावर बद्द आवाजाची जागा तळहाताएवढी नाही, चांगली ताटाएवढी निघाली होती. तो वैतागला होता. ‘‘काका, मी जितकं शोधतोय, तितकं नुकसान वाढतंय.’’

मी म्हटलं, ‘‘वाढत नाहीये रे. होतं तेवढंच दिसतंय. आता जिथं खणखणीत आवाज येईल, तिथपर्यंत घास.’’

‘‘आणि थर किती?’’

‘‘जितकी जाडी घासलीस, तितकी परत भर. पण सुकल्याशिवाय नाही.’’

एवढं बोलून मी फोन ठेवला. कॅटमरानला तिचं नाव देणाऱ्या माणसांनी रसायनशास्त्र न शिकता हेच केलं होतं. समुद्रातून आल्यावर आधी लाकूड उन्हात टाकायचं, आणि मगच उद्याचा विचार करायचा.